अर्धवट आवळलेला नट

आधीच सांगून टाकतो, मी वाईट मिस्त्री नाही. चाळीस वर्षं मोटरसायकलींच्या पोटात हात घालतोय. माझ्या हातची गाडी रस्त्यात बंद पडली असं कुणी तोंडावर सांगावं, दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडणार नाही. तरीही गेली तीन वर्षं एका माणसाच्या गाडीचं काम मी मुद्दाम कच्चं करत होतो. दर महिन्याला. एकच नट, तो अर्धवट आवळायचा आणि टाकीवर फडकं फिरवून गाडी द्यायची. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला होतं कोण म्हणा.

तो माणूस म्हणजे मीटर. आयुष्यभर विजेचे मीटर वाचत दारोदार हिंडला, म्हणून मीटर. निवृत्त झाला तरी शर्टाचं वरचं बटण लावूनच बाहेर पडायचा आणि खिशाला पेन असायचंच. मला एकदा म्हणाला, "मिस्त्री, चौतीस वर्षं रोज सत्तर घरांत गेलो. एकाही घरात मला कुणी बस म्हटलं नाही."

"कशाला म्हणतील? बिल आणणारं तोंड तुझं," मी म्हणालो.

तो खो खो हसला. मला मात्र नंतर दिवसभर ते सत्तर घरांचं डोक्यातून जाईना.

त्याची बायको मुलाकडे गेलेली, परदेशात. सुनेचं बाळंतपण करायला, सहा महिन्यांसाठी म्हणून गेली. त्याला आता चार वर्षं झाली. नातू शाळेत जायला लागला, तिचे सहा महिने काही संपेनात. घरात हा एकटा आणि जिन्याखाली ती जुनी, एका सिलिंडरची, धुडासारखी मोटरसायकल. लग्न ठरल्यावर घेतलेली.

आता त्या चेनीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, तेव्हा जरा धीर धरा. मोटरसायकलीला मागच्या चाकाची चेन असते, ती सगळ्यांना दिसते. जुन्या गाड्यांत अजून एक असते. डाव्या अंगाला बंद पेटीत, तेलात बुडालेली, इंजिनाकडून क्लचकडे जाणारी. तिला प्रायमरी चेन म्हणतात. दिसत नाही, त्यामुळे लोकांना तिची आठवणही येत नाही. ती सैल झाली की गाडी उभ्या उभ्या खडखड करते. ते बरं असतं, निदान कळतं तरी. पण कुणी अडाण्याने ती जास्त ताणली तर ती एक शब्द बोलत नाही. गप्प राहून आतल्या आत बेअरिंग खाते, आणि एक दिवस तुटते. तुटलेली चेन पेटीत गोळा होऊन अडकली की मागचं चाक चालता चालता जागच्या जागी धरतं. मी हे एकदाच पाहिलंय. एक पाववाला होता, तीन महिने प्लास्टरमध्ये पडून होता बिचारा.

खालच्या अंगाला एक बोल्ट असतो. तो आत फिरवला की आतली पट्टी चेनीला खालून उचलते, चेन ताणली जाते. बोल्टावर एक लॉकनट. तो घट्ट आवळला की बोल्ट सहा महिने जागचा हलत नाही. एवढंच यंत्र. खरी गंमत पुढे आहे. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. कुठे सैल लागते, कुठे ताठ. माप घ्यायचं ते ताठ जागेवर, इंजिन गार असताना, आणि तिथे पेन्सिलीच्या जाडीइतकी हालचाल ठेवायची, कारण इंजिन तापलं की चेन अजून आवळते. सैल जागेवर माप घेऊन ताणलीत तर ताठ जागा आली की मेली गाडी.

आणि ती ताठ जागा शोधायला माणसं लागतात दोन. प्लग काढायचा, गाडी टॉप गिअरला टाकायची, एकाने मागचं चाक हाताने हळूहळू फिरवायचं. दुसऱ्याने पेटीच्या भोकातून बोट घालून चेन चाचपत राहायचं. चाक फिरवणाऱ्यावर भरवसा हवा, कारण बोट आत असतं.

माझं चाक माझी बायको फिरवायची. बुटक्या स्टुलावर बसायची आणि दोन्ही हातांनी चाक फिरवता फिरवता गल्लीतल्या सगळ्या बातम्या सांगायची. कुणाच्या मुलीने काय केलं, कुणाच्या सासूने काय म्हटलं. मी इकडून नुसतं "हं, हं" करायचो. ते चेनीला होतं की तिला, हे तिने कधी विचारलं नाही. ताठ जागा आली की मी म्हणायचो, "हीच." ती लगेच हात काढायची. आमचा निम्मा संसार त्या चाकाच्या दोन बाजूंना बसून झाला.

तीन वर्षांपूर्वी तिला ताप आला. मीच म्हणालो होतो, एवढ्याशा तापाला डॉक्टर कशाला. आठव्या दिवशी ती गेली. माझ्या जिभेला हाड नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यानंतर मी एकट्यानेच चेन बघायला लागलो. चाक थोडं फिरवायचं, उठायचं, गाडीला वळसा घालून पलीकडे जायचं, बसायचं, बोट घालायचं, परत उठायचं. गुडघ्यांतून असे आवाज यायचे की गाडीपेक्षा मलाच ग्रीस लावावं. अशातच दुसऱ्या महिन्यात मीटर आला. चेन खडखडतेय म्हणाला. तोवर तो माझ्यासाठी वर्षातून दोनदा येणारं एक गिऱ्हाईक होता, बाकी काही नाही. माझं चार वेळा उठणं-बसणं त्याने बघितलं, आणि न विचारता जाऊन तिच्या स्टुलावर बसला.

त्या स्टुलावर कुणी बसलं नव्हतं. मी खेकसणारच होतो, तोंड उघडलंही होतं. पण त्याने चाकाला हात घातला आणि फिरवायला लागला. हळू, एका लयीत, मध्येच न अडखळता. मी बोट आत घातलं. "हं," मी म्हणालो. पुढे "हीच" म्हणालो तेव्हा त्याने लगेच हात काढला. मग मी चहा मागवला. एक वाजेपर्यंत आम्ही बोलत बसलो. कशाबद्दल ते विचाराल तर सांगता यायचं नाही. पण तो उठायला निघाला तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा आता सहा महिने येणार नाही. माझं काम चांगलं होतं ना! चांगल्या कामाची शिक्षाच म्हणायची ही.

लॉकनटावर पाना होता. शेवटचा अर्धा फेरा राहिला होता. तो मी दिलाच नाही.

बरोबर महिन्याने, शनिवारी सकाळी, गल्लीच्या टोकापासून खडखड ऐकू आली. मी फडकं घेऊन उगाच एक स्वच्छ टाकी पुसायला लागलो.

"मिस्त्री, परत वाजायला लागली हो," तो म्हणाला.

"जुनी गाडी आहे, चालायचंच. बसा."

तेव्हापासून महिन्याचा पहिला शनिवार त्याचा. दहा मिनिटं चेन, तीन तास चहा आणि गप्पा. दीड वर्षाने अहो-जाहो सुटलं. तो मला बातम्या सांगायचा, नातवाने फोनवर काय म्हटलं ते सांगायचा, मी त्याला शिव्या द्यायचो, तो हसायचा. बाकीचा महिना मी गिऱ्हाइकांवर खेकसून काढायचो. घरी गेल्यावर भिंतींशी बोलायची पाळी, त्यामुळे दुकानातच रेंगाळायचो.

तुम्ही म्हणाल, नुसतं "येत जा" म्हणायला काय जात होतं? काही नाही जात. पण साठी उलटलेल्या माणसाने दुसऱ्या तसल्याच माणसाला काय सांगायचं? ये माझ्याकडे, मला करमत नाही? माझी जीभ शिव्या द्यायला बरी, असल्या कामाला नाही. त्यापेक्षा नट सैल ठेवणं सोपं होतं. आणि मी मनाला समजावायचो की सैल चेनीने कुणी मरत नाही, फार तर आवाज होतो.

असा हा सगळा प्रकार. आता गेल्या शनिवारचं ऐका.

तो आला तो गाडी धुऊन. पुसून, चकचकीत करून. तीन वर्षांत कधी धुतली नव्हती. उतरला, पण स्टुलावर बसला नाही. उभाच राहिला.

"उद्या दुपारी भाच्याकडे निघायचंय," तो म्हणाला. "नव्वद किलोमीटर आहे. तेवढी नीट बघ."

नीट बघ! मला ते झोंबलं. मी काही न बोलता पाना घेऊन खाली वाकलो.

"मिस्त्री, एक विचारू?"

"विचार."

"ही चेन दर महिन्याला बघावी लागत नाही ना रे?"

माझा हात तिथेच थांबला. कळलं याला, माझ्या मनात आलं. कुणीतरी सांगितलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आणि नेमकं त्याच वेळी, धुऊन तेला-मातीचा थर गेल्यामुळे, मला तो नट पहिल्यांदा स्वच्छ दिसला. त्याचे कोपरे खाल्लेले होते. माझा पाना नटाला गोल बसतो, कोपरा कधी खात नाही. हे कुणा नवशिक्याच्या, जबडा कमी-जास्त होणाऱ्या स्क्रू-पान्याचं काम होतं. म्हणजे हा दुसऱ्या कुणाकडे जात होता. माझ्याकडे येऊन चहा प्यायचा, आणि दुसऱ्याला माझ्या नटाला हात लावू द्यायचा. तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणाकडे जातोस?" मी उठून विचारलं.

"म्हणजे?"

"हे कोपरे कुणी खाल्ले? बोल की. आता का तोंडाला कुलूप?"

त्याने नटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खरंच गप्प बसला. ते मला आणखीच लागलं.

"चौकात नवीन दुकान झालंय, तिकडे जात असशील. काचेचं दार, गुबगुबीत खुर्च्या. जा की मग, तिथेच बस जाऊन! माझ्याकडे कशाला तपासणी करायला येतोस? दर महिन्याला लागते की नाही, हे तू मला शिकवणार?"

"मिस्त्री, मला दुसरंच बोलायचं होतं..."

"मला ऐकायचं नाही."

तो स्टुलाकडे वळला, चाकापाशी बसायला. मी पायानेच स्टूल मागे सारलं. चाक फिरवायचं नाव नाही. भोकातून बोट घातलं, हाताला लागली ती चेन चाचपली, सैल वाटली, बोल्ट फिरवून ताणली. मग लॉकनटावर पाना टाकला आणि अंगाचं सगळं वजन त्यावर घातलं. नट कर्रकन बसला.

"घे," मी म्हणालो. "आता सहा महिने हलायचा नाही. यायची गरज नाही तुला."

तो माझ्याकडे बघतच नव्हता. नटाकडे बघत होता. मग त्याने पेटीचं झाकण स्वतःच लावलं, किक मारली आणि गेला. गाडीचा एवढासाही आवाज येत नव्हता. चहावाला दोन कप घेऊन आला तेव्हा मी त्याच्यावरही ओरडलो.

दुपारी जेवताना घास हातातच राहिला. मी माप घेतलं कुठे? चाक फिरवलं नव्हतं. पहिली जी जागा हाताला लागली ती सैल होती, तिथेच ताणून मोकळा झालो. म्हणजे ताठ जागेवर त्या चेनीत पेन्सिल सोडा, कागद सरकायलाही वाव उरला नसणार. त्यात इंजिन तापणार. आणि हा उद्या नव्वद किलोमीटर जाणार. माझ्या डोळ्यांसमोर तो पाववाला आला.

तरीही मी उठलो नाही, हे सांगताना लाज वाटते. मी म्हटलं, मीच का जायचं? दुसऱ्याकडे जाणारा तो. बघेल त्याचा तो दुसरा. चारपर्यंत असं चाललं. पाच वाजता मला दुसऱ्याच्या गाडीचं चाकही नीट बसवता येईना. सातला शेवटी फोन केला. लागला नाही, तो दुसरीकडे बोलत होता. दहा मिनिटांनी परत केला, तेच. तिसऱ्यांदाही तेच. घ्या, म्हटलं, याच्याशी बोलायला माणसं रांगेत उभी आहेत आणि मी इथे उगाच जीव टांगणीला लावून बसलोय. फोन उशीखाली सरकवून दिला. झोप मात्र लागली नाही.

रविवारी सकाळी पाने पिशवीत भरले आणि निघालो. त्याचा पत्ता पहिल्या वेळच्या कागदावर लिहिलेला होता. तीन वर्षांत मी त्याच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. बस बदलून, विचारत विचारत, साडेदहाला पोचलो. चार मजल्यांची इमारत, जिन्याखाली सगळ्या बिऱ्हाडांचे मीटर ओळीने लावलेले, आणि त्यांच्या खाली चादर पांघरलेली गाडी. आधी चादर उचलून इंजिनाला हात लावला. गार होतं. निघाला नव्हता. माझे पाय एकदम हलके झाले, आणि मी दोन मजले दम न खाता चढलो.

दार त्यानेच उघडलं. वरचं बटण लावलेलं होतं.

"बस," तो म्हणाला.

खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा छातीपर्यंत आलेला. म्हणजे वापरातली एकच. मी बसलो नाही.

"किल्ली दे. चेन चुकलीय," मी म्हणालो. "काल मी चाक न फिरवताच ताणली. तशीच नेलीस तर बेअरिंग जाईल, चेन तुटेल, रस्त्यात पडशील. चूक माझी आहे."

चाळीस वर्षांत हे वाक्य मी कुठल्या गिऱ्हाइकाला म्हटलं नव्हतं. बायकोलाही म्हटलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "किल्ली त्या खिळ्यावर आहे."

"अजून एक आहे." आता सुरू केलंच होतं. "तो नट. तीन वर्षं मी तो मुद्दाम अर्धवट आवळत होतो. तू यावंस म्हणून."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"चौतीस वर्षं मीटर वाचले मिस्त्री. कुणी सील काढून परत चिकटवलंय, ते मला दारातून कळायचं. तुझं दुसऱ्याच महिन्यात कळलं. खाली बसून हात लावला तर नट बोटाने फिरत होता."

"मग?"

"मग पाना आणला." त्याने ओट्याकडे मान केली. तिथे चमच्यांच्या शेजारी एक स्क्रू-पाना पडला होता. "तू सैल ठेवायचास, मी घरी येऊन आवळायचो. मला काय मरायचं होतं? आणि तुझ्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळी बोल्टासकट परत सैल करायचो. खडखड नको का व्हायला? नाहीतर तुझ्याकडे कुठल्या तोंडाने येऊ?"

"लॉकनटाला कुणी स्क्रू-पाना लावतं का गाढवा?" एवढंच तोंडातून आलं. "सगळे कोपरे खाल्लेस."

"मी मीटरवाला आहे, मला काय कळतं त्यातलं?"

तो हसला, मीही हसलो. हसता हसता माझी नजर पलंगावर गेली. मोठी बॅग उघडी पडली होती. आत घड्या केलेले स्वेटर.

"भाच्याकडे एवढं सामान?"

"ते भाच्याकडे न्यायचं नाही." तो खुर्चीवर बसला. "भाच्याला आज गाडी देऊन येतोय. मी मुलाकडे चाललोय मिस्त्री. कायमचा."

"कधी ठरलं हे?"

"बायको वर्षभर म्हणतेय, या इकडे. मी काहीबाही सांगून टाळत होतो. भाच्यालाही उद्या येतो म्हणून ठेवलं होतं. गाडी द्यायची, की नुसतं भेटून परत यायचं, ते काही ठरलं नव्हतं. काल तुझ्याकडे तेच बोलायला आलो होतो. म्हणून विचारलं ना, दर महिन्याला लागत नाही ना ही? मला वाटलं, तू म्हणशील, नाही लागत, पण तू येत जा. एवढं म्हणाला असतास तरी मी तिला नाही म्हणून कळवणार होतो."

मी भिंतीला टेकलो.

"आणि तू काय केलंस? नट पुरा आवळलास. अंग टाकून. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी बघत होतो ना. म्हटलं, झालं, मिस्त्रीने संपवलं. घरी येऊन परत बघितला. हलेना. पाना लावला, तरी हलेना. मग तिला फोन केला, येतो म्हणून."

"किती वाजता?"

"सातच्या सुमाराला. बराच वेळ बोलत होतो."

"मी केला होता तुला," मी म्हणालो. "सातला. तीनदा."

खाली कुणीतरी बादली आपटली.

"नको जाऊस," मी म्हणालो. आता लाजून काय उपयोग होता? "मला तुझ्याशिवाय कुणी नाही रे. महिन्यातला तो एकच दिवस असतो माझा. नको जाऊस."

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि हातातच धरून बसला.

"ती रडायलाच लागली फोनवर," तो म्हणाला. "चार वर्षांत पहिल्यांदा. मला वाटायचं, ती तिथे रमली. ती म्हणाली, मला वाटलं तुम्हाला मी नकोच आहे. तिकडे रात्र होती, तरी सगळ्यांना उठवून सांगितलं तिने. नातवाशी बोलायला लावलं. आता परत फोन करून तिला काय सांगू? तूच सांग, मी तेच सांगतो."

मला सांगता आलं असतं. खरंच सांगतो, दोन-तीन वाक्यं जिभेवर आली होती, आणि तो माणूस ऐकणाऱ्यातला होता. पण चाळीस वर्षं जिला मी एक शब्द धड बोललो नाही, ती मला आठवली. एका बाईचं असं झालं तेवढं पुरे होतं.

"काही सांगू नकोस," मी म्हणालो. "चल खाली. अकरा वाजायला आले, गाडी नीट करून देतो."

खाली जिन्याजवळ स्टूल नव्हतं. त्याने बादली उपडी घातली आणि सवयीने चाकापाशी बसायला गेला. मग थांबला.

"आज मी बोट घालू?" त्याने विचारलं. "तीन वर्षं चाकच फिरवतोय. आत काय असतं ते एकदा कळू दे."

मी प्लग काढला, गिअर टाकला, पेटीचं झाकण उघडलं. लॉकनट सोडवायला मलाच दम लागला, एवढा कालचा राग त्याच्यात होता. बोल्ट मागे घेतला. त्याने बाही दुमडली, बोट आत घातलं आणि लहान पोरासारखा दचकला.

"केवढी गार आहे रे!"

"हळू आवाजात बोल, शेजारी बघतायत. खालून उचलून बघ. किती हलते?"

"बरीच."

मी बादलीवर बसलो आणि चाक फिरवायला घेतलं. हळू, कारण बोट आत होतं. तो मला सांगत राहिला, इथे सैल, इथे पण सैल, आता जरा आखडली. मी "हं" म्हणत राहिलो. पलीकडून कुणाच्या तरी घरात टीव्ही चालू होता. एका फेऱ्यात तो म्हणाला, "हीच." मी लगेच हात काढला.

त्या जागेवर पेन्सिलीइतकी हालचाल ठेवून मी बोल्ट बसवला, लॉकनट आवळला. पुरा, पण काल आवळला तसा नाही, जसा आवळायला हवा तसा. त्याने बघितलं. बरोबर आहे, असं मानेनेच म्हणाला.

मग शेवटची तपासणी. माप बदललं नाही ना हे बघायला चेनीचा अजून एक पूर्ण फेरा घ्यायचा असतो. त्याने परत बोट आत घातलं, मी परत चाकाला हात लावला. पूर्ण फेरा व्हायला मागचं चाक किती वेळा फिरवावं लागतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तेवढं झालं. मी फिरवतच राहिलो, आणि त्यानेही बोट काढलं नाही.